डोळ्यांना त्रास न देणारा हिरवा

ऑफिसात त्याला सगळे 'फिकट' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देत असे. हे नाव पाडलं शेजारच्या टेबलावरच्या कोडवाल्याने. त्याचं म्हणणं असं, की याच्या हातात कोळशाच्या वखारीची साइट दिली तरी ती दूध डेअरीची वाटेल. हे त्याने आपलं चेष्टेत म्हटलं होतं. पुढे खरोखरच एका कोळशाच्या व्यापाऱ्याचं काम आलं आणि फिकटने ती साइट मोतिया नि राखाडी रंगांत करून दिली. व्यापाऱ्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "स्वच्छ वाटतंय." फिकटला ती शाबासकी वाटली. व्यापाऱ्याच्या मनात काय होतं ते व्यापारी जाणे.

फिकटचं काम वेबसाइटचे रंग ठरवण्याचं. लोकांना वाटतं, यात काय आहे, निळा घ्या नाहीतर हिरवा घ्या आणि मोकळे व्हा. पण रंग हा प्रकार स्क्रीनवर गेला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकच निळा तीन स्क्रीनवर लावला तर तीन सख्ख्या भावांसारखा दिसतो: तोंडवळा एक, पण एक खातापिता, एक आजारातून उठलेला आणि एक उन्हात रापलेला. फिकटला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, आणि त्यावर त्याने आपला उपाय काढला होता. तो म्हणजे खात्यापित्या भावाकडेच बघायचं.

त्यांचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर हवा भरण्याचा आवाज, आणि वर कोपऱ्यात पडदे ओढून बसलेला फिकट. त्याची स्क्रीन मोठी आणि महागाची. तिच्या तिन्ही बाजूंना त्याने काळ्या पुठ्ठ्याची झापड लावली होती, म्हणजे खिडकीतला उजेड आत शिरायला नको. रंग बरोबर दिसतायत की नाही हे मोजायचं एक छोटं यंत्र तो अधूनमधून स्क्रीनवर चिकटवायचा, आणि ते मोजत असताना कुणी दिवा लावलेला त्याला चालत नसे. मालकीणबाईसुद्धा अंधारात चाचपडत आपल्या टेबलापर्यंत जायच्या. त्या म्हणायच्या, "पगार मी देते, पण दिवा लावायला याची परवानगी लागते."

"सुंदर रंग ओरडत नाही," हा फिकटचा सिद्धांत होता. त्याने आपल्या रंगांना नावंही दिली होती: धुकट, विझता गुलाबी, उरलेला पिवळा. कोडवाल्याच्या टेबलाच्या खणात जुने फोन भरले होते. कुणाची काच तडकलेली, कुणाचा उजेड मेलेला, कुणाला कावीळ झालेली. नवी साइट तयार झाली की ती या सगळ्यांवर उघडून बघायची त्याची पद्धत. तो दर वेळी खण उघडून म्हणायचा, "या गरिबांनाही एकदा दाखव तुझे रंग."

"वाद्य बेसूर असेल तर गाण्याचा काय दोष?" फिकट विचारायचा.

गाण्याचा दोष नाहीच. पण ऐकणाऱ्याच्या घरी तेच एक वाद्य असतं, त्याचं काय? हा प्रश्न कोडवाल्याला सुचला नाही, आणि फिकटला सुचायचं काही कारण नव्हतं. तो खण काही त्याने कधी उघडला नाही.

अशात डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं. दवाखाना मोठा, नावाजलेला. तिथले मोठे डॉक्टर मीटिंगला स्वतः बसले आणि त्यांनी एकच अट घातली, "आमच्या पेशंटच्या डोळ्यांना त्रास होता कामा नये." फिकटने हे वाक्य मनावर घेतलं. घरी चिरलेल्या काकडीकडे तो असा बघत बसला, की बायकोने ताट उचलून नेलं. शेवटी काकडीच्या आतल्या गराचा असतो तसा हिरवा त्याने निवडला, त्यावर अक्षरं धुकट राखाडी. मुख्य पानावर आजोबा-आजींचा हसरा फोटो, तोही जरासा विरलेला. ऑपरेशनची तारीख घ्यायची सोय त्याच साइटवर होती. तारीख जवळ आली की पेशंटच्या फोनवर निरोप जायचा. तो उघडला की दोन बटणं: फिकट हिरव्यात 'येणार' आणि विझत्या गुलाबीत 'रद्द करा'. 'येणार' दाबलं की जागा पक्की. 'रद्द करा' दाबलं की ती जागा दुसऱ्याला, आणि आपण पुन्हा रांगेच्या शेपटाला. रांग काही महिन्यांची होती.

दवाखान्याच्या सभागृहात दिवे मालवून ही साइट भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवली, तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "वा! डोळे निवले." बाकीच्यांचेही निवले. त्या खोलीत एकूण एक माणसाची नजर घारीसारखी होती. डोळे शाबूत असलेली माणसं अंधारात जमली आणि त्यांनी डोळे अधू झालेल्यांसाठी रंग पास केला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, फक्त इथला दिवा महागाचा होता.

आता फिकटच्या आईबद्दल सांगायला हवं. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची आणि कपडे दुरुस्त करायची. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर घालणं. शिलाई मशीन खिडकीशी होतं. तिच्या हाताला अशी सफाई, की फाटलेलं कुठे होतं हे फाडणाऱ्यालाही दाखवता येत नसे. पण गेल्या काही दिवसांत तिने काळं कापड घेणं बंद केलं होतं. "काळं शिवायचा कंटाळा येतो," असं ती सांगायची. मग गडद निळ्याचा कंटाळा यायला लागला, मग तपकिरीचा. पोस्टमनच्या निळ्या पँटला तिने जांभळ्या दोऱ्याने टिपा घातल्या. पोस्टमन भला माणूस. तो जांभळ्या टिपांनी गल्लोगल्ली हिंडला, पण बोलला नाही.

शेवटी फिकटची बायको तिला दवाखान्यात घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्याचा पिकलेला. "फार थांबू नका, आजी," डॉक्टर म्हणाले. "अजून लांबलं तर सुईदोऱ्याचं काम सोडावं लागेल." आईने मान डोलावली. सुईदोरा सुटला तर तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. नवरा गेल्यापासून तिने त्या मशीनशिवाय एक दिवस काढला नव्हता, आणि कुणाच्या घरी जाऊन बसून राहणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"तारीख मी घेऊन देतो," फिकट म्हणाला.

"काही नको. माझ्या मुलाने साइट केलीय, आणि मी दुसऱ्याकडून करून घेऊ?"

"अगं, मी दुसरा कुठे? मीच तो मुलगा."

"तेच तर म्हणतेय मी," आई म्हणाली, आणि विषय संपला.

आईचा हा अभिमान सगळ्या गल्लीला पाठ होता. चेन बदलायला आलेल्या माणसाला आधी मुलाच्या कामाचं वर्णन ऐकावं लागे, मग चेनचं बोलता येई. आपला तो बाब्या, हे खरंच. पण ही बाई आपल्या बाब्याचं कौतुक सांगताना कापडावरची नजर हलवत नसे, त्यामुळे ते ऐकणाऱ्याला पटायचं.

तारीख तेवढी आईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षिकेने आपल्या नव्या फोनवर निवडून दिली. पुढचं आईचं आईने बघायचं होतं. निरोप आला, आईने बटण दाबलं, आणि उलट टपाली कळवण्यात आलं की आपली वेळ रद्द झाली आहे.

"रद्द का केलंस?" फिकटने फोनवर विचारलं.

पलीकडचा मशीनचा आवाज थांबला. मग आई म्हणाली, "भीती वाटली रे."

फिकटला ते खरं वाटलं. बायकोला वाटलं नाही. "भीती? आईंना?" ती म्हणाली. "मशीनची सुई बोटातून आरपार गेली तेव्हा त्यांनी ती पकडीने उपसून काढली आणि उरलेली शिलाई पुरी केली. मी समोर होते. मला चक्कर आली, त्यांना नाही."

"वय झालं की माणूस हळवं होतं," फिकटने सांगितलं. वयाबद्दल पुरुष माणसं असं ठामपणे बोलतात, विशेषतः दुसऱ्याच्या.

इकडे दवाखान्यात मोठे डॉक्टर काळजीत पडले. ऑपरेशनं फार रद्द होऊ लागली होती. माणसं तारीख घेत, आणि निरोप गेला की 'रद्द करा' दाबत. मीटिंग झाली. घोडं कुठे पेंड खातंय यावर खल झाला. निष्कर्ष असा निघाला, की पेशंट घाबरतात. त्यावर उपाय म्हणून साइट आणखी शांत करायचं ठरलं.

हे काम फिकटचंच. त्याने हिरवा आणखी दोन पायऱ्या उतरवला. गुलाबी रंग रक्ताची आठवण करून देत असेल म्हणून तो काढून लव्हेंडर घातला, तोही असा की नाव सांगितल्याशिवाय ओळखू येऊ नये. 'घाबरू नका' नावाचं नवं पान केलं आणि त्यातला मजकूर त्याच लव्हेंडरमध्ये पांढऱ्यावर लिहिला. आणि जाता जाता दोन बटणांच्या जागा बदलल्या. 'रद्द करा' उजवीकडे होतं ते डावीकडे नेलं, 'येणार' उजवीकडे आणलं. कारण काही नाही. फोटोतले आजोबा डावीकडे झुकले होते आणि पानाचा तोल जात होता.

आईने शिक्षिकेकडून दुसऱ्यांदा तारीख घेतली. पुन्हा रांग, पुन्हा महिने. निरोप आला आणि पुन्हा वेळ रद्द झाली.

या वेळी फिकटचा पारा चढला. तो तडक तिच्या घरी गेला आणि उभ्या उभ्याच सुरू झाला. एवढे मोठे डॉक्टर, एवढी सोय, लोक महिनोन्‌महिने थांबतात, आणि ही बाई ऐन वेळी पाय मागे घेते. "लहान मुलंसुद्धा असं करत नाहीत, आई! इतकी घाबरट कधीपासून झालीस?"

आई सुईत दोरा ओवत होती. म्हणजे ओवायचा प्रयत्न करत होती. दोरा सुईच्या बाजूने जात होता. तिने तो तोंडात ओला केला, पुन्हा सुईच्या बाजूने घातला आणि म्हणाली, "हो रे. घाबरटच झाले मी."

तिने मान खाली घातली ती त्याला शरमेची वाटली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "आज जरा स्पष्ट बोललो. गरज होती."

तिसरी तारीख शिक्षिकेनेच घेऊन दिली. ती जवळ आली होती तेव्हाची गोष्ट. रविवार होता. फिकट छोटी करायला टाकलेली आपली पँट न्यायला आईकडे गेला होता. पँट तपकिरी आणि टीप हिरवी, पण त्याने ती निमूट पिशवीत घातली. आत जाऊन तो चहा ठेवत होता तेवढ्यात आईचा फोन वाजला. निरोप आला होता.

तो बाहेर आला तेव्हा आई खिडकीपाशी उभी होती, पाठमोरी. तिने फोन पदराने पुसला. मग तिरका धरला, मग आडवा. मग दोरे मोजायचं भिंग काढून काचेवर टेकवलं. भिंगाने बारीक असेल ते मोठं होतं, पण फिकट असेल ते मोठं होऊनही फिकटच राहतं. मग तिने हाताची ओंजळ करून फोनवर सावली धरली. अंगठा डावीकडे गेला, थांबला, उजवीकडे आला, तिथेही थांबला. ती पुटपुटत होती, "मागच्या वेळी डावं दाबलं होतं. त्याच्या आधी उजवं. आता?"

फिकट पुढे झाला आणि त्याने तिच्या हातातून फोन घेतला.

फोन त्याचाच, जुना, त्याने तिला दिलेला. काचेवरच्या कागदाला इतके ओरखडे, की त्यावर टाचण्या ठेवायची ती, हे लगेच कळत होतं. बॅटरी टिकावी म्हणून उजेड कमी केलेला. रात्री डोळ्यांना बरा म्हणून असतो तो पिवळा पडदा भरदुपारी चालू होता, कारण तो बंद कसा करायचा हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. कुणी म्हणजे त्यानेच. आणि या सगळ्याच्या मागे त्याची साइट होती. म्हणजे असावी. काकडी नव्हती, लव्हेंडर नव्हता, धुकट नव्हता. पिवळट पांढऱ्यावर पिवळट पांढरं. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. त्याचे डोळे चांगले होते, डॉक्टरांएवढेच चांगले. त्यालाही काही दिसलं नाही.

"कुठलं दाबणार होतीस?"

"त्याचाच विचार चाललाय. पहिल्यांदा उजवं दाबलं. म्हटलं, चांगली गोष्ट उजवीकडेच ठेवली असणार तू. तर रद्द झालं. मग दुसऱ्या वेळी शहाणपणा केला, डावं दाबलं. पुन्हा रद्द! ते कसं झालं देव जाणे."

ते कसं झालं हे फिकट जाणून होता. आजोबा डावीकडे झुकले होते.

"मग दवाखान्यात फोन का नाही केलास? नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"केला असता रे. पण मग ती बाई विचारणार, साइटवरून का नाही केलं? मी सांगणार, दिसत नाही. ती म्हणणार, साइट कुणी केली? की झालं! स्वतःच्या आईलाच दिसत नाही म्हटल्यावर तुला पुढे काम कोण देईल?" तिने भिंग पुसून डबीत ठेवलं. "डोळे माझे खराब. त्यात तुझं नाव कशाला खराब करायचं?"

"आणि मला भीती वाटते म्हणून सांगितलंस."

"मग काय सांगू? भीती वाटते म्हटलं की माणसं ओरडतात, पण पुढे काही विचारत नाहीत."

इथे फिकटने बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं, आणि ते जिभेवर आलंही होतं. आईचा चेहरा वर होता, त्याच्याकडे, पण जरा बाजूला, जिथे तो असेल असं तिला वाटत होतं तिथे. त्याला ते बघवलं नाही. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला ऐकू आला, "हो, आई. डोळ्यांमुळेच होतंय ते. ऑपरेशन झालं की सगळं दिसेल."

"तेच म्हटलं मी," आई म्हणाली. तिला हायसं वाटलं.

मग बटण दाबायची वेळ आली. ज्याने ती बटणं घडवली, रंगवली आणि तोल साधून मांडली, तो माणूस ती शोधत उभा राहिला. आधी 'रद्द' उजवीकडे होतं. मग ते डावीकडे गेलं. म्हणजे आता 'येणार' उजवीकडे. की तोल साधताना ती पुन्हा फिरवली होती? त्याने डोळे मिटले आणि आपली महागाची स्क्रीन आठवली. मग उजवीकडे दाबलं. उत्तर येईपर्यंत चहा ऊतू गेला. उत्तर आलं, काळ्या अक्षरांत, साध्या मेसेजमध्ये: आपली वेळ पक्की झाली आहे.

रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यांना सांगितलंस ना, की रंगच दिसत नव्हते?"

"ऑपरेशनच्या आधी कशाला त्रास?"

"कुणाला त्रास?" बायको म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन फिकटने कोडवाल्याचा खण उघडला. सगळे जुने फोन काढून टेबलावर ओळीने मांडले आणि आपली एकेक साइट त्यांवर उघडली. कोळशाची वखार गेली. मग चष्म्याचं दुकान गेलं, संगीताचे वर्ग गेले, एक आख्खं वाचनालय गेलं. एका तडकलेल्या फोनवर वाचनालयाचं एकच अक्षर उरलं होतं, तेही काचेतल्या चिरेमुळे उठून दिसत होतं. कोडवाला जवळ येऊन उभा राहिला. 'मी म्हणत नव्हतो?' असं तो म्हणाला नाही, हे त्याचं मोठेपण. चेहऱ्यावर मात्र ते लिहिलेलं होतं, आणि गडद अक्षरांत.

त्या आठवड्यात मालकीणबाईंनी एक नवल पाहिलं. फिकटने पडदे उघडले. एवढंच नव्हे, तो ते मोडके फोन टोपलीत घालून टायरच्या दुकानासमोर भर उन्हात जाऊन बसू लागला. ट्यूबला ठिगळ लावणाऱ्या माणसाला तो काळे हात तसेच घेऊन बोलवायचा आणि विचारायचा, "हे काय लिहिलंय?" एक निळा घ्यावा, तर एका फोनवर काळा आणि दुसऱ्यावर जांभळा. जांभळा म्हटलं की त्याला पोस्टमन आठवायचा. हिरवा तर पिवळ्या पडद्याखाली पार मरायचा. अखेर एक असा निळा सापडला, की उन्हात, सावलीत, ओरखड्यांखाली, उजेड मेलेल्या फोनवर, कुठेही जा, तो निळाच. फिकटच्या महागाच्या स्क्रीनवर तो प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसत होता. फिकटने तो बघून डोळे मिटले आणि पास केला. वर 'येणार' ठळक, भरलेल्या निळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत. 'रद्द करा' खाली, नुसत्या रेघेच्या चौकटीत. रंग साफ गेला तरी कुठलं कुठलं ते कळेल असं. दाबल्यावर पुन्हा विचारणा: तुम्ही रद्द करताय, नक्की ना?

दवाखान्याला त्याने कळवलं: 'काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत.'

मोठ्या डॉक्टरांना निळा जरा भडक वाटला. पण रद्द होणं एकदम थांबलं आणि डॉक्टर खूश झाले. 'घाबरू नका' हे पान फार परिणामकारक ठरलं, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. फिकट मूग गिळून बसला.

आईच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर बरीच माणसं होती. फिकट आईला धरून बसला होता. शेजारचे एक आजोबा कुणालाही उद्देशून म्हणत होते, "मला हो सगळं दिसतं. लांबच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दिसतं. फक्त ती साइट दिसेना. म्हटलं, मोतीबिंदूच असणार. दाखवायला आलो, तर डॉक्टर म्हणतात डोळे उत्तम आहेत. मग ती का नाही दिसली?"

"मी दोनदा रद्द झालो," समोरचा जाडगेला गृहस्थ म्हणाला. "घरात सगळे मला भित्रा म्हणतात. नातवंडंसुद्धा."

"सांगायचं तरी कुणाला," एक बाई म्हणाल्या. "आपलेच दात, आपलेच ओठ. डोळे आपले गेलेत, दुसऱ्याला काय बोल लावणार?"

फिकट जमिनीकडे बघत होता. त्याची आई मात्र सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "ती साइट माझ्या मुलाने केलीय. हा काय, हाच."

मग घड्याळवाले आजोबा म्हणाले, "अरे वा! हुशार आहे मुलगा." जाडगेल्या गृहस्थाने हात जोडले. बाई म्हणाल्या, "छानच असणार हो, आम्हालाच दिसत नव्हती." त्यांच्यातल्या एकानेही तक्रार केली नाही. फिकटला एखाद्याने चारचौघांत मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या खोलीत नर्सने आईच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी काढली. मोठे डॉक्टर स्वतः आले होते. दार उघडंच होतं आणि बाहेर बाकांवर माणसं आपल्या पाळीची वाट बघत होती. आईने डोळ्यांची उघडझाप केली, खोली बघितली, डॉक्टरांचा कोट बघितला आणि म्हणाली, "केवढं पांढरं आहे हे." मग ती फिकटकडे वळली. तिची नजर बरोबर त्याच्या तोंडावर आली, जराही बाजूला गेली नाही. "तुझी साइट दाखव आधी," ती म्हणाली.

त्याने तिचाच फोन तिच्यापुढे धरला. ओरखडे तेच, पिवळा पडदाही तोच. तिने बघितलं.

"येणार," तिने वाचलं. "खाली रद्द करा. दिसलं! सगळं स्वच्छ दिसलं. डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे हो. एवढे दिवस हे इथेच होतं आणि माझ्या मेल्या डोळ्यांना दिसत नव्हतं."

डॉक्टर हसले. फिकटही हसला असता तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"आई, हे ऑपरेशनमुळे नाही," तो म्हणाला. आवाज त्याच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "हे मी आता बदललंय. आधीचं कुणालाच दिसत नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं तुझ्या फोनवर. तुझे डोळे नव्हते ते, माझे रंग होते. आणि मी तुला घाबरट म्हणालो." मग तो डॉक्टरांकडे वळला. "तुमचे पेशंट घाबरत नव्हते, डॉक्टर. त्यांना बटणच दिसत नव्हतं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं. नर्स पट्टी हातात धरून उभी होती. बाहेर बाकांवरच्या माना दाराकडे वळल्या.

आईने घाईने त्याचं मनगट धरलं, दाराकडे बघितलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हळू बोल रे. बाहेर माणसं बसलीत."